फुलर्टनचा नितळ सूर

१९५०च्या दशकातला फेंडर कंपनीचा ‘डिलक्स’ ॲम्प्लिफायर वरून पाहिला, तर क्रोमच्या अरुंद पट्टीवर तीन बटणं दिसतात. एकापाशी माइकचा आवाज, दुसऱ्यापाशी वाद्याचा आवाज आणि तिसऱ्यापाशी टोन, एवढंच लिहिलेलं आहे. १९६३ साली त्याच कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ आला. त्याच्या काळ्या पट्टीवर दोन विभाग आहेत, एकाचं नाव ‘नॉर्मल’ आणि दुसऱ्याचं ‘व्हायब्रेटो’. ‘क्लीन’ हा शब्द या दोन्हींवर शोधून सापडत नाही. आज दोन चॅनेलच्या ॲम्पवर बहुधा एका चॅनेलखाली ‘क्लीन’ लिहिलेलं असतं, आणि तो क्लीन कितपत चांगला हे ठरवताना वादक जुन्या ट्विनचंच उदाहरण देतात. क्लीन टोन म्हणजे ॲम्पने हात न लावलेला, तारेवरचा जसाच्या तसा आवाज, अशी बहुतेकांची समजूत असते. खरखर, गुरगुर, फाटका आवाज ही नंतरची करामत आणि नितळ आवाज ही मूळ अवस्था, असा क्रम त्यामागे गृहीत धरलेला असतो. इतिहास पाहिला तर क्रम नेमका उलटा दिसतो. इलेक्ट्रिक गिटारचे सुरुवातीचे ॲम्प थोडा आवाज वाढवला की फाटत. नितळ सूर त्यानंतर घडवला गेला, त्याला तीस वर्षं लागली, त्यासाठी लोखंड, तांबं आणि वॅट खर्ची पडले, आणि तो घडवताना त्यात एक ठरावीक रंगही मिसळला गेला. तो कुणासाठी घडवला गेला हे कळलं, की आजही ॲम्पसमोर बसून बटणं फिरवताना आपण नेमकं काय करतो हे उमगतं.

आधी फाटणं म्हणजे काय ते पाहू. आवाज फाटतो हा आपला रोजचा शब्दप्रयोग इथे चपखल बसतो. ॲम्पमधल्या वॉल्व्हच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीच्या, आवाक्याबाहेरची मोठी लाट त्याच्याकडून मागितली, की लाटेचा माथा छाटला जातो. एकच स्वर वाजत असेल तर या छाटणीतून त्याच स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात. ते मूळ स्वराच्याच कुळातले असल्यामुळे कानाला आवाज भरदार झाल्यासारखा वाटतो. दोन स्वर एकदम गेले की मात्र प्रकरण बदलतं. यंत्र त्या दोन कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी करून नवेच स्वर जन्माला घालतं. समजा, सेकंदाला ४४० कंपनांचा षड्ज आणि त्याच्यावरचा गंधार. कानाने लावलेला शुद्ध गंधार ५५० वर येतो, वजाबाकी ११०, म्हणजे दोन सप्तकं खालचा षड्जच. पण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार ५५४च्या थोडा वर असतो. वजाबाकी ११४ येते, जी ना षड्ज ना कोमल ऋषभ. पंचमाच्या बाबतीत पडद्यावरचा स्वर ६५९ आणि वजाबाकी २१९, म्हणजे षड्जाच्या अगदी शेजारी. फाटक्या आवाजात नुसते षड्ज-पंचम दणदणीत वाजतात आणि त्यात गंधार घातला की चिखल होतो, त्याचं कारण हे आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटारला पडदे नसतात, तिथे गंधार कानाने लावता येतो. पण त्या वाद्याची आवडती स्वरसंगती सा-ग-प-ध अशी चार स्वरांची. पंचम ६६०, धैवत ७३३, वजाबाकी ७३, आणि हा निघाला तीन सप्तकं खालचा मध्यम, जो त्या संगतीत कुणी लावलेलाच नाही. म्हणजे वादक कितीही सुरात असला तरी फाटणारा ॲम्प त्याच्या संगतीत परका स्वर घुसडणारच.

हे स्टील गिटारवाले या कथेतले मुख्य लोक आहेत. आज इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की उभ्याने वाजवणारा रॉकवाला डोळ्यांसमोर येतो, पण बाजारात आलेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. हवाईच्या ओआहू बेटावरच्या लाये गावचा जोसेफ केकुकू याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारांवरून पोलादी तुकडा सरकवत वाजवण्याची रीत रूढ केली. १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर अमेरिकेला या आवाजाचं वेड लागलं. मोठ्या वाद्यवृंदात हे वाद्य ऐकूच येईना, म्हणून जॉर्ज बोशाम्पने १९३१ मध्ये तारांभोवती नालाच्या आकाराची चुंबकं बसवून तारांची कंपनं टिपणारा पिकअप बनवला, आणि पुढच्या वर्षी ॲडॉल्फ रिकनबॅकरबरोबर ॲल्युमिनियमची ती लांब दांड्याची, तव्यासारखी दिसणारी गिटार विकायला काढली. तिच्याबरोबरचा ॲम्प म्हणजे रेडिओतल्याच सामानाची एक पेटी होती, काही वॅटांची. घरात शिकणाऱ्याला तेवढी पुरे. नाचाच्या हॉलमध्ये व्हायोलिनं, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्यासमोर ती चालवायची म्हणजे बटण शेवटपर्यंत फिरवणं आलं, आणि तसं केलं की वरचा सगळा चिखल आला.

याच अडचणीशी त्या काळात दुसऱ्याच एका क्षेत्रातली माणसं झगडत होती. टेलिफोनच्या एका तारेतून अनेक संभाषणं एकदम न्यायची असतील तर ती सगळी वाटेतल्या प्रत्येक ॲम्प्लिफायरमधून जातात. त्यातला एक जरी किंचित वाकडा वागला तरी एका संभाषणाची कंपनं दुसऱ्यात मिसळून नवी कुजबुज तयार होते, आणि शेकडो मैलांच्या वाटेवर असे ॲम्प्लिफायर एकामागून एक लागतात. बेल प्रयोगशाळेतला हॅरॉल्ड ब्लॅक या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम करत होता. २ ऑगस्ट १९२७ला सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्याला उत्तर सुचलं, आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर त्याने ते लिहून काढलं. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. मग आतल्या आणि बाहेरच्या लाटेतला फरक, म्हणजे यंत्राने केलेली चूक, आपोआप कापली जाते. त्याच्या मोबदल्यात ताकद गमवावी लागते, आणि ती आधीच जास्तीची तयार ठेवावी लागते. या युक्तीचं पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं. एका तारेतली अनेक संभाषणं आणि एका ॲम्पमधल्या अनेक तारा हा गणिताच्या दृष्टीने एकच प्रश्न आहे, आणि ट्विनच्या आवाजाची एक नाळ अशी थेट टेलिफोनच्या खांबांपर्यंत जाते. गिटारच्या इतिहासात ब्लॅकचं नाव फारसं कुणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

या दोन धाग्यांची गाठ पडली ती कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन या संत्र्यांच्या बागांच्या गावात. लिओ फेंडर १९०९चा. हिशेबनीस म्हणून शिकलेला, लहानपणी एक डोळा गमावलेला. १९३८ साली त्याने तिथे रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं. त्याला गिटार वाजवता येत नसे. ही गोष्ट नवल म्हणून सांगितली जाते, पण माझ्या मते त्याच्या कामाची दिशा तिनेच ठरवली. स्वतःच्या हाताची आवड मध्ये येत नसल्यामुळे तो दुकानात येणाऱ्या वादकांची तक्रार हेच माप धरून चालला. आणि दुकानात येणारे होते कोण? दक्षिण कॅलिफोर्नियातल्या नाचाच्या हॉलमध्ये वाजवणारे, टेक्सास-ओक्लाहोमाकडून आलेल्या ‘वेस्टर्न स्विंग’चे लोक. १९४५ मध्ये त्याने डॉक कॉफमनबरोबर स्टील गिटार आणि ॲम्प यांचे जोड विकायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी स्वतःची कंपनी काढली. वेस्टर्न स्विंगमधल्या बॉब विल्सच्या वाद्यवृंदातले लिऑन मॅकॉलिफ आणि नोएल बॉग्ज हे स्टील वादक त्याचं सामान वाजवत. १९५३ मध्ये त्याच्याकडे कामाला आलेला फ्रेडी टव्हारेस तर हवाईतल्या माउई बेटावर जन्मलेला, स्वतः निष्णात स्टील वादक. ज्या कारखान्याचा कान असा घडला, तिथे ‘चांगला आवाज’ याचा अर्थ चार स्वर एकदम छेडले तरी चारही वेगळे ऐकू येणं हाच होणार. यंत्रं पाहिली तर हेच दिसतं. १९५२चा पहिला ट्विन सुमारे २५ वॅटांचा, १९५८चा सुमारे ८० वॅटांचा. याच काळात मोठ्या ॲम्पमध्ये ब्लॅकची उलट्या आवाजाची युक्ती आली. लहान डिलक्समध्ये ती आली नाही, म्हणून तो लवकर फाटत राहिला.

वॅटांचा हा हिशेब कानाच्या बाजूने पाहिला तर नितळपणा किती महाग आहे ते कळतं. आवाज दुप्पट मोठा झाल्यासारखा वाटायला ताकद साधारण दहापट लागते. १९६३चा डिलक्स रिव्हर्ब २२ वॅटांचा आणि ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटांचा. ताकद जवळजवळ चौपट, पण कानाला तो दुप्पटही मोठा वाटत नाही. मग हे जादा वॅट कशासाठी? तार छेडल्याच्या पहिल्या क्षणी लाट एकदम उसळते आणि लगेच ओसरते. ती उसळी न छाटता जाऊ द्यायची तर नेहमीच्या आवाजाच्या कितीतरी पट ताकद राखीव पडून असावी लागते, क्षणभरासाठी. त्या राखीव ताकदीसाठी ट्विनमध्ये चार ६एल६ वॉल्व्ह आहेत, जाड लोखंडाचे ट्रान्सफॉर्मर आहेत आणि सगळं मिळून जवळपास २९ किलो वजन आहे. ही हाव कुठपर्यंत गेली ते गिटारवादक डिक डेलच्या गोष्टीत दिसतं. न्यूपोर्ट बीचमधल्या रॉंदेव्हू बॉलरूममध्ये हजारो पोरांच्या गर्दीसमोर जाड तारांवर तो असा तडाखा हाणायचा की ॲम्प आणि स्पीकर एकामागून एक जळत. त्याच्यासाठी फेंडरने ‘शोमन’ बनवला, त्यात आणखी मोठा ट्रान्सफॉर्मर आणि जेबीएलचा पंधरा इंची स्पीकर घातला. डेलचं संगीत आडदांड होतं, पण त्याला तुटक, टणत्कारी, न फाटलेला ठोका हवा होता. इथे स्वरसंगतीचा प्रश्न नव्हता, प्रश्न ठोक्याच्या धारेचा होता, आणि उत्तर तेच निघालं.

इथवर नितळपणा म्हणजे चूक कमी करणं, असं चित्र उभं राहतं. पण ट्विनच्या पट्टीवरची ट्रेबल, मिडल आणि बेस ही तीन बटणं वेगळी साक्ष देतात. ही तिन्ही पूर्ण शून्यावर आणा, आवाज जवळजवळ बंदच होतो. ही बटणं मूळ आवाजात काही भर घालणारी असती तर शून्यावर मूळ आवाज ऐकू यायला हवा होता. त्या जाळ्यात भर घालणारं काहीच नाही, त्यातून फक्त वजाबाकी होते, आणि किती सोडायचं एवढंच बटणं ठरवतात. तिन्ही मध्यावर, पाचावर ठेवली तर वाटतं की आपण कुठे काही केलेलं नाही. प्रत्यक्षात तेव्हा चारशे-पाचशे कंपनांच्या आसपास आवाजात चांगलाच खड्डा पडलेला असतो. सपाट, काही न घटवलेल्या आवाजाच्या जवळ जायचं तर बेस आणि ट्रेबल जवळपास शून्यावर आणि मिडल दहावर न्यावा लागतो, आणि असं करून कुणी वाजवत नाही, कारण तो आवाज बोथट आणि नाकातला लागतो. त्या खड्ड्यामुळेच वरच्या तारा काचेसारख्या चमकतात, खालच्या तारा गोल घुमतात आणि मधल्या जागेत गायकाचा आवाज, व्हायोलिन, पियानो यांना बसायला वाव मिळतो. वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांसाठी बनवलेल्या यंत्राला हा खड्डा शोभतो. पुढे स्पीकर येतो. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार कंपनांच्या वर झपाट्याने मिटतो, म्हणजे वरची सगळी किरकिर तिथेच गळते. तारेवरचा आवाज ‘जसाच्या तसा’ यातून कुठेच जात नाही.

म्हणून क्लीन टोन लावणं हे मुख्यतः कमी करण्याचं काम आहे. जुनी पट्टी ते कसं करायचं हे अजूनही शिकवते. नॉर्मल विभागात तार खुपसायच्या दोन जागा आहेत. दोन नंबरच्या जागेत येणारा आवाज निम्म्यावर उतरतो. मुळात ही सोय दोन वाद्यांनी एक चॅनेल वाटून घ्यावा म्हणून होती. आज जोरकस पिकअपची गिटार तिथे लावली की पहिलाच वॉल्व्ह फाटण्यापासून वाचतो. बेस तीन-चारच्या वर नेला की खर्ज वॅटांचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो, आणि वरचे स्वर अजून शांत असतानाच ॲम्प खालून फाटू लागतो. आवाज फाटतोय म्हणून व्हॉल्यूम कमी करण्याआधी बेस उतरवून पाहावा, तो याच्यासाठी. ब्राइटची कळ व्हॉल्यूमच्या बटणाला वळसा घालून वरच्या कंपनांना चोरवाट करून देते. बटण खाली असताना तिचा परिणाम बोचतो, वर नेत गेलं की तो विरतो. म्हणून तीनवर कर्कश वाटलेला ॲम्प पाचवर गोड वाटतो, त्यात जादू नाही. आणि शेवटचं, खरं म्हणजे पहिलं बटण गिटारवरच असतं. ॲम्प फाटण्याच्या किंचित अलीकडे ठेवून गिटारचा आवाज थोडा उतरवणारे वादक नितळपणाची हद्द हाताच्या बोटावर आणतात. या जागेवर सूर सर्वांत जिवंत लागतो असं माझं मत आहे, आणि ते पुढच्या आक्षेपाशी जोडलेलं आहे.

आक्षेप असा, की सुरुवातीच्या वादकांना फाटका आवाज नको होता हे म्हणणं आपण मागाहून त्यांच्या तोंडी घालतो आहोत. जाझ गिटारवादक चार्ली ख्रिश्चन १९३९ पासून बेनी गुडमनच्या संगतीत गिब्सनची ईएस-१५० वाजवत होता. त्याच्या ध्वनिमुद्रिकांत स्वराला किंचित खरबरीत काठ ऐकू येतो आणि तो सुंदर लागतो. १९५१च्या ‘रॉकेट ८८’मध्ये बिघडलेल्या ॲम्पचा घरघराट मेम्फिसला ध्वनिमुद्रण करणाऱ्या सॅम फिलिप्सने मुद्दाम राहू दिला. १९६१ला आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’च्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात मिक्सरचा एक चॅनेल बिघडला, ग्रेडी मार्टिनच्या वाद्याचा आवाज भुंग्यासारखा झाला, आणि पुढच्याच वर्षी ती बिघडलेली खरखर पायाने दाबायच्या डबीत घालून ‘मेस्ट्रो फझटोन’ विकायला आली. ही उदाहरणं खरी आहेत, पण त्यांतले स्वर मोजून पाहावेत. ख्रिश्चन सॅक्सोफोनसारख्या एकेका स्वराच्या ताना वाजवतो. ‘रॉकेट ८८’मध्ये गिटार एकेका स्वराने खर्जाची चाल धरून चालते. मार्टिनचा तुकडा सहा तारांच्या बेसवरचा, एकेरी. १९६४ला किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद चिरून जो आवाज काढला, तो षड्ज-पंचमाच्या जोड्यांवर. फाटका आवाज जिथे आवडला तिथे गणितही त्याला अनुकूल होतं. या नियमाला ठळक अपवाद १९५८चं ‘रंबल’. लिंक रेने स्पीकरला भोकं पाडून पूर्ण स्वरसंगती वाजवल्या, आणि तो गढूळपणा हाच त्या रचनेचा प्राण आहे. अपवाद मान्य करूनही एवढं उरतं, की नाचाच्या हॉलमध्ये रात्रभर सहाव्या स्वराच्या संगती वाजवून पोट भरणाऱ्यांना ही चैन परवडणारी नव्हती, आणि फुलर्टनचे ॲम्प त्यांच्या मागणीवर बनत होते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. नितळपणा म्हणजे चुका कमी करणंच असेल, तर सर्वांत कमी चुकणारा ॲम्प सर्वांत गोड लागायला हवा. याची परीक्षा झालेली आहे. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर कंपनी विकत घेतली. १९६६ला तिने ट्रान्झिस्टरचे ॲम्प बाजारात आणले, आणि काही वर्षांतच ते गुंडाळावे लागले. वॉल्व्हच्या ॲम्पमध्येही १९६८ पासून बदल होत गेले, आणि १९७७च्या सुमारास ट्विन १३५ वॅटांवर नेला गेला, मोठ्या आवाजालाही न फाटणारा. वादकांचा कौल काय पडला? ते दुरुस्तीवाल्याकडे जाऊन १९६८ नंतरचे बदल काढून घेऊ लागले, जुन्या काळ्या पट्टीच्या आराखड्यावर परत जाण्यासाठी. आजही जुन्या बाजारात १३५ वॅटांच्या ट्विनपेक्षा १९६५चा ट्विन कितीतरी महाग जातो. गिटार थेट मिक्सरमध्ये लावली तरी हाच अनुभव येतो. आवाज शुद्ध असतो पण कोरडा, हाडं मोजावीत असा. (फंकमधल्या तुटक ऱ्हिदमला हा कोरडेपणा मानवतो, ते वेगळं.) मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा घासून तारेला किंचित आडवी येईल अशी कड ठेवतो. ती कड नसेल तर तार मोकळी वाजते, पण तंबोरा बोलत नाही. १९६३चे ॲम्प हे अशा जवारी लागलेल्या अवस्थेत होते: चूक परका स्वर ऐकू येण्याइतकी मोठी नाही, आणि स्वराला अंग देण्याइतकी मात्र शिल्लक आहे. सीबीएसच्या तंत्रज्ञांनी ती कड घासून सपाट केली.

कड एकाच जागी असते असंही नाही. इंग्लंडमध्ये केंटमधल्या डार्टफर्डला टॉम जेनिंग्जच्या कारखान्यात डिक डेनीने व्हॉक्सचे ॲम्प आखले. गिटारवादक हँक मार्व्हिनच्या ‘शॅडोज’ या बँडला १५ वॅट पुरेनात, म्हणून १९५९च्या सुमारास ३० वॅटांचा एसी-३० आला. त्यात ब्लॅकची युक्ती वापरलेलीच नाही, वॉल्व्हही वेगळे, लहान ईएल८४. त्याचा नितळ सूर ट्विनपेक्षा निराळा, घंटेसारखा किणकिणता आणि जोर लावला की हळूहळू दाटत जाणारा आहे. दोन्हींना आपण क्लीन म्हणतो, दोन्ही डोळे मिटून ओळखू येतात. आवाज जसाच्या तसा असता तर असे दोन प्रकार झालेच नसते. लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानात तर बेस गिटारसाठी बनवलेल्या फेंडरच्या ‘बेसमन’चाच आराखडा घेऊन १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जेटीएम-४५ बनला, आणि त्या घराण्यातून रॉकचा सर्वांत गडद फाटका आवाज निघाला. जपानी रोलंडने १९७५ला काढलेला जेसी-१२० ट्रान्झिस्टरचा. दोन ६० वॅटांचे ॲम्प, दोन बारा इंची स्पीकर, आणि त्यांच्यात मूळ आवाज व किंचित हेलकावणारा आवाज वाटून दिलेला. हा आवाज न फाटण्यात ट्विनलाही मागे टाकतो, आणि त्याचा गोडवा वॉल्व्हमधून न येता त्या हेलकाव्यातून येतो. म्हणजे कोरड्या शुद्धतेवर तिथेही भागलं नाही, रंग दुसरीकडून आणावा लागला.

हवाईच्या त्या आडव्या गिटारची एक शाखा आपल्याकडेही आली. टाउ मो हा हवाईयन वादक १९४०च्या दशकात कलकत्त्यात राहून वाजवत होता. तिथल्या सुनील गांगुलींच्या आणि मुंबईत स्थायिक झालेल्या व्हॅन शिपली यांच्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या रेकॉर्डी घरोघरी वाजल्या. इथे स्वरसंगतीचा प्रश्न नव्हता, वाजवायची होती एकेरी चाल. वरच्या हिशेबाने हे वादक फाटका आवाज सहज घेऊ शकले असते, शिवाय फाटक्या आवाजात मींड जास्त वेळ टिकतेही. तरी त्यांनी नितळ सूर धरला. कारण त्यांना गाण्याचे शब्द तारेवर म्हणायचे होते. फाटताना लहान-मोठा आवाज एका उंचीवर येतो, आणि कुठल्या अक्षरावर जोर, कुठलं अक्षर हलकं, हा सगळा भेद पुसला जातो. नितळपणाची ही तिसरी गरज अमेरिकेतल्या दोन्हींहून, स्वरसंगती आणि ठोक्याची धार यांहून, वेगळी आहे, आणि माझ्या मते सर्वांत नाजूक.

‘क्लीन’ हा शब्द पट्टीवर यायला त्याचा विरुद्धार्थी शब्द आधी यावा लागला. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने १९६०च्या दशकाच्या अखेरीस फेंडरच्या लहानशा प्रिन्स्टनमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर कोंबला, पुढे एकामागे एक वॉल्व्ह जोडून आवाज हळू असतानाही फाटेल असे मेसा बूगीचे ॲम्प काढले, आणि मग पायाच्या कळीने दोन आवाजांत उडी मारायची सोय आली. तोवर जो ‘नॉर्मल’ होता, त्याला आता वेगळ्या नावाची गरज पडली. २०१९ला फेंडरने डिलक्स रिव्हर्बची ‘टोन मास्टर’ नावाची डिजिटल आवृत्ती काढली. आत वॉल्व्ह नाही, ट्रान्सफॉर्मरचं ओझं नाही. अशा यंत्राला हवा तितका निर्दोष आवाज काढता येईल. कारखान्याने मात्र जुन्या जाळ्यातला तो मधला खड्डा आकड्यांत उतरवला, जुना वॉल्व्ह कुठे आणि कसा दाटू लागतो तेही उतरवलं, आणि जुन्या २२ वॅटांची ती उसळी हुबेहूब यावी म्हणून १०० वॅटांची ताकद आत बसवली. मागच्या बाजूला एक बटण आहे. ते फिरवत गेलं की २२ वॅटांइतकं बोलणारं हे यंत्र १२ वॅटांचं होतं, मग ५, मग १, मग ०.५ आणि शेवटी ०.२ वॅटांचं, म्हणजे बोशाम्पच्या तव्याबरोबरच्या पेटीहूनही लहान.